आधी सुई, मग आर्म, शेवटी टर्नटेबल

प्रश्न थोडक्यात असा आहे. गिरगावातल्या जुन्या घरात आजोबांचा संग्रह आहे: नाट्यसंगीत आणि ख्यालाच्या दीडशेच्या आसपास ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या) तबकड्या, साठ-सत्तर शास्त्रीय एलपी (३३⅓ गतीच्या मोठ्या तबकड्या) आणि भावगीतांच्या काही ईपी. एक एचएमव्ही फिएस्टा (जुना रेकॉर्ड प्लेयर) घरात आहे, ती चालते. चोरबाजारात एक टेक्निक्स, एक ड्युअल आणि एक गॅरार्ड टर्नटेबल पाहिलं आहे. यातलं कोणतं घ्यावं आणि त्याला कोणतं कार्ट्रिज (सुई बसवलेला टोकाचा भाग) लावावं?

बहुतेक जण यंत्रापासून सुरुवात करतात, मग उरलेल्या पैशांत मिळेल ते कार्ट्रिज बसवतात. क्रम उलटा हवा. तबकडीला स्पर्श करते ती फक्त सुई. म्हणून आधी संग्रह पाहून सुई ठरवा, त्या सुईला पेलणारा आर्म (सुई धरून सरकणारा दांडा) शोधा आणि तो आर्म ज्या टर्नटेबलवर आहे ते घ्या. तुमच्या संग्रहात दोन अगदी वेगळ्या जातीच्या तबकड्या आहेत, त्यामुळे हा क्रम पाळणं तुम्हाला जास्तच गरजेचं आहे.

लाखेच्या ७८च्या तबकडीची खाच रुंद असते. तिला साधारण ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते. स्टिरिओ एलपीच्या गोल सुईची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन असते. एलपीची सुई ७८वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी, साठलेल्या धुळीत आणि लाखेच्या चुऱ्यात घासत जाते. आवाज कमी आणि खरखर जास्त ऐकू येते, शिवाय सुई लवकर झिजते. उलट ७८ची सुई एलपीवर ठेवली तर ती खाचेत उतरतच नाही, वरच्या कडा चिरडते, आणि ते नुकसान कायमचं असतं. म्हणजे दोन सुया लागणारच, त्यात तडजोड नाही.

फिएस्टाबद्दल स्पष्ट सांगतो: तिच्यावर एलपी लावणं आजपासून बंद करा. त्या काळच्या अशा प्लेयरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असतं, त्याचा दाब ५ ग्रॅमच्या आसपास किंवा जास्त असतो आणि सुईची वरखाली हालचाल ताठर असते. स्टिरिओ खाचेत माहिती उभ्या दिशेनेही कोरलेली असते, ती या ताठर सुईखाली खरवडली जाते. त्यात सुई नीलमाची आणि किती वर्षं वापरलेली कोण जाणे. नीलम हिऱ्याच्या मानाने फार लवकर झिजतो आणि झिजलेल्या टोकाला धारदार कडा येतात. आठवण म्हणून फिएस्टा जपा, पण संग्रह तिच्या हाती देऊ नका. आज बाजारात मिळणारे सुटकेससारखे नवे स्वस्त प्लेयरही बहुतेक याच सिरॅमिक जातीचे असतात. चोरबाजारातले पितळी भोंग्याचे चकचकीत ग्रामोफोन तर बहुतांशी अलीकडे बनवलेली शोभेची वस्तू असते.

आता एलपीची सुई. हिंदुस्थानी संगीताच्या एलपीला एक अडचण आहे, जी पाश्चात्त्य पॉपच्या तबकडीला इतकी जाणवत नाही. तबकडी एकाच गतीने फिरते, पण बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि आतल्या टोकाला, केंद्रापासून ६० मिलिमीटरवर, फक्त २१ सेंटिमीटर. तेवढ्याच कंपनांना निम्म्याहून कमी जागा मिळते आणि विकृती तिथेच वाढते. आपला ख्याल सुरू होतो विलंबितात आणि चढत जातो द्रुताकडे. भीमसेन जोशींच्या वेगवान ताना, किशोरी आमोणकरांचा तारसप्तकातला विस्तार, सतारीचा झाला, हे सगळं बाजूच्या शेवटी, म्हणजे नेमकं सर्वांत अडचणीच्या जागी येतं. गोल सुई तिथे फाटलेला, सकार-शकार फुसफुसणारा आवाज देते. म्हणून शास्त्रीय एलपीसाठी किमान लंबगोल सुई घ्या आणि जमलं तर मायक्रोलिनिअर (खाचेच्या भिंतीला बारीक रेषेत टेकणारी).

व्यवहारात तुमच्यासाठी सर्वांत सोयीचं कार्ट्रिज मला ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ मालिका वाटते. कार्ट्रिज नवं घेऊन जुन्या टर्नटेबलवर लावण्यात काही गैर नाही, उलट तेच शहाणपणाचं आहे. या मालिकेत कार्ट्रिजचं अंग एकच राहतं आणि पुढची सुई बोटाने ओढून बदलता येते. गोल, लंबगोल, मायक्रोलिनिअर, शिबाता आणि ७८साठी ३ मिल म्हणजे सुमारे ७६ मायक्रॉनची ‘एसपी’ असे प्रकार मिळतात. एलपीच्या सुयांना दाब २ ग्रॅम लागतो, एसपीला ५ ग्रॅम. बहुतेक आर्मच्या काउंटरवेटवरचे (मागच्या तोलवजनावरचे) आकडे ३ किंवा ४ ग्रॅमवर संपतात, म्हणून सुईचा दाब मोजायचा छोटा डिजिटल काटा घ्याच. सुई बदलल्यावर दर वेळी काट्यावर दाब तपासा. ७८नंतर विसरून ५ ग्रॅमवर एलपी लावली, की सुईचा रबरी आधार बसतो आणि कार्ट्रिजचं पोट तबकडीला घासतं.

लंबगोल की मायक्रोलिनिअर, हा पैशांचा प्रश्न वाटतो. पण कंपनीने स्वतः दिलेलं आयुष्य लंबगोलसाठी ३०० तास आणि मायक्रोलिनिअरसाठी १००० तास आहे. रोज एक तास ऐकलंत तर लंबगोल वर्ष पुरं करणार नाही आणि मायक्रोलिनिअर पावणेतीन वर्षं जाईल. तासाचा हिशोब केला तर महागडी सुई महाग पडत नाही.

दुसरे पर्यायही चांगले आहेत. ऑर्टोफॉन टूएम रेडला दाब १.८ ग्रॅम लागतो आणि आवाज मोकळा, थोडा उजळ असतो. त्याच घराण्यात ७८साठी ६५ मायक्रॉनचं वेगळं कार्ट्रिज आहे आणि तेही १.८ ग्रॅमवर चालतं, त्यामुळे दोन हेडशेल (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणारा सुटा भाग) ठेवणाऱ्याला ते सोपं जातं. नागाओका एमपी-११० मधल्या पट्ट्यात भरदार आहे, गळा आणि सारंगी त्यावर छान लागतात. डेनॉन डीएल-१०३ हे जपानी रेडिओसाठी १९६०च्या दशकात बनलेलं मूव्हिंग कॉइल (एमसी) कार्ट्रिज आजही बनतं आणि त्याची कीर्ती खरी आहे. पण ते फक्त ०.३ मिलिव्होल्ट देतं, त्याला एमसी प्रीअँप (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) किंवा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो, जड आर्म लागतो, आणि सुई झिजली की घरी बदलता येत नाही. पहिल्या सेटसाठी मी ते सुचवणार नाही. जुनी शुअर कार्ट्रिज चोरबाजारात दिसतील. शुअरने २०१८मध्ये कार्ट्रिजचं उत्पादन बंद केलं. अंग चांगलं असेल तर जपानच्या जिको कंपनीची नवी सुई लावून ते वापरता येतं. मात्र जुन्या यंत्राबरोबर आलेली सुई कधीही वापरू नका, विकणारा ‘नवीच आहे’ म्हणाला तरी. ती कधीच वापरली नसली, तरी मुंबईच्या दमट उष्ण हवेत पडून पडून तिचा रबर कडक किंवा चिकट झालेला असू शकतो.

आर्म आणि कार्ट्रिज यांची जोडी जमते का, हे एका सोप्या गणिताने कळतं. आर्मचं परिणामी वजन (हलताना सुईला जाणवणारं), कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूचं वजन यांची ग्रॅममध्ये बेरीज करा. तिला कार्ट्रिजच्या कॉम्प्लायन्सने, म्हणजे रबरी आधाराच्या लवचीकपणाच्या आकड्याने गुणा. गुणाकाराचं वर्गमूळ काढा आणि १५९ला त्याने भागा. उत्तर हर्ट्झमध्ये येतं, म्हणजे ही जोडी स्वतःहून सेकंदाला किती वेळा डोलते ते कळतं, आणि ते ८ ते १२च्या दरम्यान हवं. जपानी कंपन्या हा आकडा बहुधा १०० हर्ट्झवर देतात, तो दीड ते दोनपटीने वाढवून घ्यावा लागतो. टेक्निक्स एसएल-१२००चा आर्म हेडशेलसह सुमारे १२ ग्रॅम, व्हीएम९५ लंबगोल ६ ग्रॅम, स्क्रू १ ग्रॅम, मिळून १९. कॉम्प्लायन्स ७, तो वाढवून १२. उत्तर साडेदहा हर्ट्झ, म्हणजे जोडी उत्तम. याउलट १८ ग्रॅमच्या जड आर्मवर ३० कॉम्प्लायन्सचं नाजूक जुनं कार्ट्रिज लावलं तर उत्तर सहाच्या खाली येतं. मग किंचित वाकलेल्या तबकडीवरही आर्म डोलतो आणि लाकडी जमिनीवरून कुणी चाललं तरी सुई उडी मारते.

आता तुम्ही पाहिलेली तीन यंत्रं. टेक्निक्स एसएल-१२०० एमके२, १९७९पासूनचं, हे एलपीसाठी माझ्या मते सर्वांत बिनघोर आहे. क्वार्ट्झवर बांधलेली गती, डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट चकती फिरवते), बेल्ट नाही, सुटे भाग मिळतात, हेडशेल अर्ध्या मिनिटात बदलतं. पण त्यावर ७८ची गती नाही. ड्युअल १२१९ किंवा १२२९वर ३३, ४५, ७८ तिन्ही गती आहेत आणि गती थोडी कमी-जास्त करायची सोयही आहे. आर्मची बनावट फार चांगली. अडचण तिच्या ऑटोमॅटिक यंत्रणेची: जुनं ग्रीस गोंदासारखं घट्ट होतं, आणि आत एक चिमुकली रबरी टोपी असते, ती झिजली की आर्म उचलला जातो पण तबकडीकडे सरकत नाही. दोन्ही दुरुस्त होतं, फक्त हे उघडून साफ करणारा हात हवा. गॅरार्ड म्हणजे नेमकं कोणतं, ते पाहा. ३०१ किंवा ४०१ असेल तर ते भारदस्त आयडलर (रबरी चाकाने फिरणारं) यंत्र आहे, तिन्ही गती आहेत. पण ती नुसती मोटर आणि प्लॅटर (तबकडी ठेवायची फिरती चकती) असते, आर्म आणि पेटी वेगळी घ्यावी लागते, आणि किंमत संग्राहकांनी वर नेलेली आहे. साध्या चेंजर (एकामागून एक तबकड्या आपोआप लावणाऱ्या) जातीचं गॅरार्ड असेल तर सोडून द्या. लेंको एल७५ कुठे दिसलं तर जरूर पाहा. त्याची गती १६ ते ७८ सलग बदलता येते. त्याच्या आर्मच्या टेकूचे रबरी ब्लॉक मात्र हमखास कुजलेले असतात, नवे बसवावे लागतात. थोरेन्स टीडी १६० सुंदर वाजतं, पण त्याला ७८ नाही आणि त्याचं स्प्रिंगचं निलंबन लाकडी फळ्यांच्या जमिनीवर नाचतं.

ती सलग बदलणारी गती ७८साठी चैन नव्हे. सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रणाची गती नेमकी ७८ नसायची, काही तबकड्या त्याहून बऱ्याच हळू किंवा जलद कोरलेल्या आहेत. गतीत ६ टक्के फरक म्हणजे एक पूर्ण अर्धस्वर. हार्मोनियम जवळ घ्या आणि साथीच्या पेटीची पट्टी जुळेपर्यंत गती हलवा. बालगंधर्व किंवा अब्दुल करीम खाँ चुकीच्या गतीवर ऐकले तर गळ्याचा पोत आणि तानेची लय दोन्ही खोटी ऐकू येतात.

माझा कौल असा: एकच यंत्र घ्यायचं तर चांगल्या अवस्थेतलं ड्युअल १२१९ किंवा लेंको. दोन ठेवायला जागा असेल तर एलपीला टेक्निक्स आणि ७८ला गती हलवता येणारं एखादं साधं तीन-गतींचं आयडलर.

खरेदीपूर्वी वीजपुरवठ्याची पट्टी वाचा, कारण मुंबईत सर्वांत जास्त फसगत इथेच होते. भंगारातून येणाऱ्या मालात जपानी बाजारातली यंत्रं असतात, ती १०० व्होल्टची. २३०मध्ये लावली की ट्रान्सफॉर्मर जळतो. लॅमिंग्टन रोडवर तयार मिळणारा स्टेप-डाऊन बहुधा ११० व्होल्ट देतो, त्यावर मोटर तापते. १०० व्होल्टचा टॅप असलेला मागा, ५० व्हीए पुरे, आणि तो कार्ट्रिजपासून मीटरभर लांब ठेवा, नाहीतर त्याचाच हम (गुणगुण) ऐकू येईल. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी बदलत नाही. अमेरिकेतून आलेलं बेल्ट किंवा आयडलर यंत्र ६० हर्ट्झच्या पुलीवर असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर ३३⅓ची गती २७.८ होते. काळी एकमधला गायक खालच्या काळी पाचमध्ये गाताना ऐकू येतो. पुलीच बदलावी लागते. टेक्निक्सच्या डायरेक्ट ड्राइव्हला हा प्रश्न नाही, तिथे फक्त व्होल्टेज पाहा.

दुकानात तपासताना घाई करू नका. प्लॅटर काढून मधला दांडा बोटांनी हलवा, बाजूला खडखड नको. आर्म काउंटरवेटने तोलून तरंगता करा, अँटी-स्केट (आर्मची आत ओढ तोलणारी कळ) शून्यावर. हलकी फुंकर मारल्यावर तो अडखळता सरकला तर बेअरिंग खराब आहे. हेडशेल चिमटीत धरून हळूच हलवा, जराही सैलपणा जाणवला तर आर्म नाकारा. आर्मच्या बेअरिंगची दुरुस्ती इथे सहज होत नाही. काउंटरवेट त्याच यंत्राचं आहे ना, हे विचाराच. हरवलेलं काउंटरवेट यंत्राची किंमत अर्धी करतं. कार्ट्रिज काढून ठेवा आणि मल्टिमीटरने हेडशेलच्या चार वायरींपासून मागच्या प्लगपर्यंत जोडणी तपासा: पांढरी डावीकडची, निळी तिची परतीची, लाल उजवीकडची, हिरवी तिची परतीची. कार्ट्रिज लावलेलं असताना मीटर लावू नका, त्याचा प्रवाह कॉइलला इजा करू शकतो. मग किमान पंधरा मिनिटं चालू ठेवून गती पाहा. ५० हर्ट्झच्या, सेकंदाला १०० वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशात ३३⅓साठी १८० रेघांची आणि ७८साठी ७७ रेघांची स्ट्रोब (गती तपासायची) चकती स्थिर दिसायला हवी. अनेक एलईडी दिवे लुकलुकत नाहीत, म्हणून निऑनचा छोटा टेस्टर-दिवा वापरा. आणि कानाची परीक्षा घ्या ती तानपुऱ्यावर. गाण्याच्या गर्दीत लपणारी गतीची थरथर तानपुऱ्याच्या सलग षड्जात लगेच पकडता येते.

घरी आणल्यावर वीज लावण्याआधी स्विचजवळचा कपॅसिटर पाहा. जुने कागदी कपॅसिटर ओलाव्याने तडकतात आणि धूर काढतात. तेवढ्याच कपॅसिटन्सचा, एक्स२ दर्जाचा, २७५ व्होल्ट एसीचा नवा बसवा. साधा कपॅसिटर तिथे चालत नाही. विरघळून डांबर झालेला बेल्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा, आयडलरच्या रबराची कडाही त्यानेच पुसा. खाऱ्या हवेने काळे पडलेले हेडशेलचे पिन पेन्सिलच्या खोडरबराने उजळवा.

कार्ट्रिजची जुळणी कागदी प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवायच्या छापील आराखड्यावर) करा आणि छापलेला कागद पट्टीने मोजून घ्या, प्रिंटर हमखास एक-दोन टक्के लहान छापतो. नेहमीच्या बेअरवाल्ड मांडणीत सुई खाचेला अचूक समांतर असते ती केंद्रापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवर. स्टीव्हन्सन मांडणीत आतला बिंदू ६०वर येतो. मधल्या भागात विकृती थोडी वाढते, पण द्रुत बंदिशीचा शेवट स्वच्छ होतो. ख्यालाच्या एलपींसाठी मी स्टीव्हन्सनच निवडतो. टेक्निक्सची स्वतःची मांडणीही त्याच धाटणीची आहे.

फोनो प्रीअँप लागेल, ४७ किलोओहमचा. केबल आणि प्रीअँप मिळून कपॅसिटन्स २०० पिकोफॅरडच्या आत ठेवा, नाहीतर व्हीएम९५ किंचित कर्कश होतं. यंत्राची बारीक अर्थिंगची वायर प्रीअँपच्या स्क्रूला बांधा. त्यानंतरही हम राहिला तर प्लगाच्या अर्थिंगवर संशय घ्या, जुन्या चाळींमध्ये अर्थिंग पुष्कळदा नावालाच असतं. मोनोचं बटण असलेला प्रीअँप मिळाला तर तोच घ्या. ७८ आणि जुन्या एलपी मोनोच आहेत, दोन्ही वाहिन्या जोडल्या की उभ्या दिशेची खरखर एकमेकींना खोडते. एचएमव्हीच्या एलपीवर क्रमांक ईसीएलपी किंवा ईएएलपीने सुरू होत असेल तर ती मोनो, ईसीएसडी किंवा ईएएसडी असेल तर स्टिरिओ. ७८च्या काळात आजची आरआयएए वक्ररेषा (मुद्रणात बास-ट्रेबल कमी-जास्त करायचं ठरलेलं प्रमाण) नव्हती, त्यामुळे प्रीअँपमधून आवाज घुमणारा आणि दबलेला येतो. टोन कंट्रोलवर बास थोडा उतरवा आणि ट्रेबल गळा उघडेपर्यंत चढवा.

टर्नटेबल जमिनीवरच्या टेबलावर नको. विटांच्या जाड भिंतीत ब्रॅकेट ठोकून फळी लावा, लाकडी पार्टिशनला नाही. स्पीकर त्या फळीवर ठेवू नका.

आणि पहिली तबकडी लावण्याआधी सगळा संग्रह धुऊन घ्या. पावसाळ्यातली बुरशी खाचेत पांढऱ्या ठिपक्यांसारखी बसते आणि सुईला चिकटून पुढच्या तबकडीवर जाते. एलपीसाठी डिस्टिल्ड पाणी, त्यात पाचव्या हिश्श्याइतकं आयसोप्रोपिल आणि सौम्य साबणाचे दोन थेंब. लाखेच्या तबकडीला मात्र अल्कोहोलचा थेंबही लावू नका, लाख त्यात विरघळते आणि खाच कायमची जाते. ७८साठी फक्त डिस्टिल्ड पाणी आणि साबण, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने, लेबल कोरडं ठेवून. लगेच सुती कापडाने टिपा आणि उभं ठेवून पंख्याखाली वाळवा. कागदी पाकिटं कुबट झाली असतील तर तबकडी परत त्यात घालू नका. ज्या पाकिटांवर आजोबांच्या हातच्या नोंदी असतील ती उन्हात वाळवून वेगळी ठेवा.